बेचाळीस सामन्यांचा कॅचर

साताऱ्याकडच्या एका पालकांनी प्रश्न पाठवलाय. मुलगी नववीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून पिचरनं टाकलेला बॉल धरणारी. प्रकल्पासाठी तिनं मोझेस फ्लीटवुड वॉकर हा खेळाडू निवडला. रंगाची भिंत मोडणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या जॅकी रॉबिन्सनच्या 63 वर्षं आधी अमेरिकन बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, खेळलेला कृष्णवर्णीय कॅचर. इंटरनेटवर तिला त्याच्या नावापुढे एकच ओळ मिळाली: 1884, टोलेडो, 42 सामने, सरासरी .263, एरर 37. ती बघून पोरगी म्हणाली, "पप्पा, पहिला होता म्हणून नाव आहे, पण खेळाडू म्हणून साधाच असणार. चांगला असता तर एका वर्षात कशाला संपला असता?" पप्पांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी प्रश्न माझ्याकडे सरकवला.

मी सतरा-अठरा वर्षं कॅचिंग केलं आणि आता वीसेक वर्षं पोरापोरींना शिकवतोय. सॉफ्टबॉल जास्त, बेसबॉल जमेल तसा. माझ्या उजव्या हाताचा अंगठा पाऊस यायच्या आदल्या दिवशी ठणकतो. जुन्या काळच्या कॅचर लोकांचा नाद मला त्या अंगठ्यानंच लावला. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मुलीचा प्रश्न चुकीचा नाही. कागदावर एवढंच दिसत असेल तर कुणीही तेच म्हणेल. फक्त कॅचरची ओळ कॅचरनं वाचावी लागते, आणि 1884 ची ओळ 1884 च्या मैदानावर उभं राहून वाचावी लागते.

एररपासूनच, म्हणजे फील्डिंगमधल्या चुकांपासूनच सुरू करू, कारण 37 आकडा बघून आजचा कोच बेशुद्ध पडेल. तुमच्या मुलीला विचारा, बसायला लागल्यावर तिनं सगळ्यात आधी काय शिकलं. उघडा हात लपवायचा. मिटचा, म्हणजे जाड हातमोज्याचा हात पुढे, दुसरा हात घोट्याच्या मागे किंवा पाठीशी, मूठ वळून, अंगठा आत. पहिल्या महिन्यात मी दुसरं काही शिकवतच नाही. आता मिट काढून घ्या. वॉकरच्या वेळी उशीसारखा फुगीर मिट नव्हताच, तो काही वर्षांनी आला. असले तर पातळ चामड्याचे, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, आणि तेही प्रत्येक जण घालायचा असं नाही. म्हणजे बॉल धरायचा तो दोन्ही हातांनी, दोन्ही पंजे एकाला एक लावून. लपवायला हात शिल्लकच राहत नाही. फाउल टिप, म्हणजे बॅटची नुसती कड लागून बॉलची दिशा चार बोटं बदलली की तो नेमका बोटांच्या टोकावर. बोट मोडायचं, नख उखडायचं, आणि पुढचा बॉल येतच असायचा.

तारेचा मास्क होता. हार्वर्डच्या फ्रेड थेयरनं 1878 साली त्याचं पेटंट घेतलं होतं. छातीवरचं पॅड नुकतंच कुठेकुठे दिसायला लागलं होतं. पायांचे गार्ड मोठ्या लीगमध्ये उघडपणे बांधून उतरला तो रॉजर ब्रेस्नाहन, आणि ते साल 1907. पिचर उभा राहायचा 50 फुटांवरच्या रेषेमागे. आजचं बेसबॉलचं 60 फूट 6 इंच हे अंतर 1893 पासूनचं आहे.

म्हणून त्या काळचा कॅचर बेसवर कुणी नसेल तेव्हा बराच मागे उभा राहून टप्प्यावर बॉल घ्यायचा. रनर बेसवर आला की मात्र पुढे सरकून बॅटच्या मागे यायचं, नाहीतर तो दुसरा बेस चोरणार. खरी परीक्षा ती. अशा खेळात एकेका टीमच्या नावावर हंगामाला शेकड्यांनी एरर लागायचे. 37 कमी आहेत असं मी म्हणत नाही. पण आजच्या मिटनं तो आकडा मोजू नका, इतकंच.

बॅटिंगचं गणित सोपं आहे. 152 वेळा बॅट धरली, 40 हिट, म्हणून .263. त्या वर्षी अमेरिकन असोसिएशन या लीगची सरासरी .240 च्या आसपास होती आणि टोलेडोची तर त्याहूनही खाली. आपल्या टीममध्ये वॉकर पहिल्या तिघांत होता. कॅचरकडून त्या काळी बॅटिंगची अपेक्षा कुणी करत नसे. दोन्ही हात सुजलेले, बॅट धरायची कशी? त्या हातांनी .263 काढणं मला तरी साधं वाटत नाही.

आता माणूस कोण होता ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जन्म 7 ऑक्टोबर 1856, ओहायो राज्यातल्या माउंट प्लेझंट गावी. वाढला जवळच्या स्टुबेनव्हिलमध्ये. वडील डॉक्टर होते. कृष्णवर्णीय डॉक्टर त्या काळात बोटांवर मोजण्याइतके. मुलगा ओबर्लिन कॉलेजात गेला, तिथल्या टीमचा कॅचर झाला. 1881 च्या सामन्यात ओबर्लिननं मिशिगन विद्यापीठाला हरवलं, आणि ज्यांना हरवलं त्यांनीच त्याला बोलावून घेतलं, कारण त्यांच्याकडे धड कॅचर नव्हता. मिशिगनमध्ये तो कायदा शिकायला लागला आणि 1882 च्या हंगामात त्यांच्याकडून खेळला. म्हणजे हा खेळाडू कॉलेज शिकलेला, वकिलीच्या वाटेवरचा. त्या वेळचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू कारखान्यातून आणि खाणीतून आलेले. मैदानावर त्याला शिव्या घालणाऱ्यांत त्याच्याइतकं शिकलेलं फारसं कुणी नसणार.

लुईव्हिल हे केंटकीतलं शहर लक्षात ठेवा. ते या गोष्टीत दोनदा येतं. ऑगस्ट 1881 मध्ये क्लीव्हलँडच्या एका शिलाई मशीन कंपनीच्या टीमकडून वॉकर तिथे खेळायला गेला. सकाळी हॉटेलनं त्याला नाश्ता द्यायला नकार दिला. दुपारी मैदानावर लुईव्हिलच्या एक्लिप्स टीमनं त्याच्याविरुद्ध खेळायला नकार दिला. क्लीव्हलँडनं दुसरा कॅचर उभा केला. एका इनिंगमध्ये (बेसबॉलच्या सामन्यात अशा नऊ असतात) त्याचे हात फुटले आणि तो म्हणाला, मी पुन्हा बसणार नाही. मग प्रेक्षकांनीच वॉकरच्या नावाचा ओरडा सुरू केला. तो उठला, मैदानात येऊन सरावाचे दोनचार थ्रो टाकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लुईव्हिलचे दोन खेळाडू तरातरा निघून क्लबहाउसमध्ये जाऊन बसले. शेवटी क्लीव्हलँडच्या तिसऱ्या बेसवरच्या गड्यानं कॅचिंग केलं.

कॅचर म्हणून मला या प्रसंगात ते हात फुटलेले आठवतात. वर्णद्वेषाची गोष्ट म्हणून तो सांगितला जातो, आणि ती आहेच. पण त्याच गोष्टीत हेही आहे की एक धडधाकट गडी एका इनिंगमध्ये गारद झाला, आणि त्या जागी बसून रोज नऊ इनिंग काढणारा माणूस बाकावर बसवलेला होता. आणि हे तिथल्या प्रेक्षकांना दिसत होतं.

1883 मध्ये तो टोलेडो ब्लू स्टॉकिंग्जमध्ये आला. तेव्हा ती टीम नॉर्थवेस्टर्न लीग या दुय्यम लीगमध्ये होती. हंगामाच्या आधीच्या बैठकीत पिओरियाच्या क्लबनं ठराव आणला की कृष्णवर्णीय खेळाडू नकोत. बरीच वादावादी होऊन ठराव मागे घेतला गेला. टोलेडोनं त्या वर्षी लीग जिंकली. त्या ऑगस्टमध्ये शिकागोची नावाजलेली टीम प्रदर्शनी सामन्यासाठी टोलेडोत आली. तिचा कप्तान कॅप अ‍ॅन्सन म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. त्यानं सांगितलं, वॉकर मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. गंमत अशी की वॉकर त्या दिवशी खेळणारच नव्हता, हात दुखावला होता म्हणून विश्रांती दिली होती. हे ऐकून टोलेडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन बिथरला. त्यानं मुद्दाम वॉकरला राइट फील्डला उभं केलं आणि अ‍ॅन्सनला कळवलं, खेळला नाहीत तर गेटच्या पैशातला वाटा मिळणार नाही. अ‍ॅन्सन खेळला. तत्त्व किती रुपयांना सुटतं ते अशा वेळी कळतं. मात्र तो हे विसरला नाही, चार वर्षांनी ते दिसलं.

1884 मध्ये अमेरिकन असोसिएशन वाढून 12 क्लबांची झाली, त्यात टोलेडो घेतली गेली, आणि वॉकर टीमबरोबर वर गेला. ही लीग मोठ्या लीगमध्ये धरायची हे बेसबॉलच्या विक्रम समितीनं 1969 साली अधिकृत केलं, म्हणून त्याचे 42 सामने आज मेजर लीगच्या खात्यात आहेत. मुलीच्या प्रकल्पात "पहिला" शब्द असेल तर एक तळटीप जोडायला सांगा. 21 जून 1879 ला विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा कॉलेजचा विद्यार्थी प्रॉव्हिडन्सकडून एक सामना खेळला होता. त्याची आई गुलामगिरीत होती, तो स्वतः मात्र गोरा म्हणून वावरत होता. उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून खेळलेला पहिला, असं वॉकरबद्दल लिहिलं तर कुणी चूक काढणार नाही.

पहिला सामना 1 मे 1884. गाव कुठलं? लुईव्हिल. समोर तीच एक्लिप्स. टोलेडो 5-1 हरली, वॉकरला एकही हिट नाही आणि त्याच्या नावावर 4 एरर. त्या 37 मधले 4 एकाच दुपारी. टोलेडोच्या वर्तमानपत्रानं लिहिलं की हा टीममधला भरवशाचा गडी आहे, आणि जिथे रंगाची रेघ इतकी घट्ट ओढलेली आहे त्या गावातला त्याचा खेळ त्याच्या विरोधात धरू नये. मी एवढंच म्हणेन, की एका गावच्या मैदानावरून एकदा हाकललं गेल्यावर त्याच मैदानावर पहिला मोठा सामना खेळताना कुणाचेही हात घामेजतील.

आता मुद्द्याच्या जागी येतो. टोलेडोचा मुख्य पिचर टोनी मुलेन. आयर्लंडमध्ये जन्मलेला, देखणा, जोरदार हाताचा. टोलेडोनं त्या वर्षी 46 सामने जिंकले, त्यातले 36 मुलेनच्या नावावर. त्यानं 567 इनिंग टाकल्या. हा आकडा छपाईची चूक नाही, तेव्हा पिचर असेच वापरले जायचे. आणि कारकिर्दीतल्या वाइल्ड पिचच्या यादीत आजही सगळ्यात वर त्याचंच नाव आहे. म्हणजे बॉल वेगात, आणि कुठे जाईल त्याचा नेम नाही.

याच मुलेननं म्हातारपणी, 1919 साली, एका वर्तमानपत्राला सांगितलं की मी ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांत वॉकर सगळ्यात चांगला कॅचर होता, पण मला काळा माणूस आवडायचा नाही, म्हणून त्याच्या साइनकडे, म्हणजे कुठला बॉल टाकायचा हे सांगणाऱ्या खुणेकडे, न बघता मला हवं ते टाकायचो. एकदा वॉकरनं कर्व्हची, म्हणजे वळणाऱ्या बॉलची, साइन दिली आणि मुलेननं फास्ट बॉल मारला. वॉकरनं तो धरला, उठून पिचरपर्यंत चालत आला आणि म्हणाला, साइनशिवाय मी तुझं कॅचिंग करीन, पण मी साइन दिल्यावर तू दुसरंच टाकणार असशील तर करणार नाही. मुलेन म्हणतो, त्यानंतर सगळा हंगाम त्यानं साइनशिवाय माझं कॅचिंग केलं आणि मी टाकेन ते धरलं.

हे वाचताना इतर लोक मुलेनच्या द्वेषावर थांबतात. मी वॉकरच्या वाक्यावर थांबतो, कारण ते शंभर टक्के कॅचरचं वाक्य आहे. साइन नसली तर कॅचर कशाचीच वाट बघत नाही. वजन दोन्ही पायांवर, हात सैल, बॉल हातातून सुटेपर्यंत नजर पिचरच्या मनगटावर. उशीर होतो, पण माणूस मोकळा असतो. साइन दिली की शरीर आधीच निघतं. कर्व्ह येणार म्हटल्यावर हात खाली आणि बाजूला जायला लागतात, खांदा वळतो. आणि मग सरळ छातीवर फास्ट बॉल आला तर परतायला वेळच नसतो. काहीच न कळण्यापेक्षा खोटं कळणं जास्त वाईट. वॉकरनं त्या दोन वाईटांतलं कमी वाईट निवडलं आणि ते पिचरच्या तोंडावर जाऊन सांगितलं.

माझा अंगठा असाच गेला. जिल्हा पातळीवरचा सामना होता, पिचरशी माझं आदल्या दिवशी भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही, बहुतेक प्रवासभत्त्यावरून. दोघांच्या बॅटिंगच्या नंबरावरूनही असेल. मी ड्रॉपची, म्हणजे खाली बुडणाऱ्या बॉलची, साइन दिली, त्यानं होकारार्थी मान हलवली, आणि टाकला राइज. मी गुडघे टेकून मिट जमिनीला लावलेला, बॉल वर चढत आला. मी उजवा हात मध्ये घातला, जे मी पोरांना कधीही करू नका म्हणून सांगतो. टक असा आवाज आला. स्कोअररनं काय लिहिलं असेल? पास्ड बॉल. कॅचरच्या नावावर. स्कोअररला साइन दिसत नाही, पिचरच्या मनातलं दिसत नाही, त्याला फक्त बॉल माझ्यामागे जाताना दिसतो. माझ्या अंगावर मास्क, पॅड, गार्ड, मिट सगळं होतं, आणि तो एक बॉल होता. वॉकरच्या अंगावर यातलं निम्मं नव्हतं, आणि त्यानं एका हंगामभर हे झेललं.

त्यामुळे त्याच्या नावापुढे पास्ड बॉल आणि एरर दिसले की मी स्वतःला विचारतो, यातले मुलेनचे किती? ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण पोरीला म्हणावं, आकडा ज्याच्या नावावर असतो, चूक त्याचीच असते असं नाही. कॅचरला हे समजवायची खरं तर गरज नसते.

जुलैमध्ये फाउल टिप लागून वॉकरची बरगडी मोडली. त्याच महिन्यात त्याचा धाकटा भाऊ वेल्डी टीममध्ये आला आणि आउटफील्डला 5 सामने खेळला. उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून मेजर लीगमध्ये खेळलेला तो दुसरा. बरगडी मोडल्यावर कॅचरचं काय होतं ते सांगतो. बसता येतं, उठता येत नाही. थ्रो टाकताना श्वास अडकतो. वॉकर तरीही परतला, सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत खेळला. क्लब पैशाच्या अडचणीत होता आणि महागडे करार मोडायला निघाला होता. 22 सप्टेंबरला त्याला मोकळं केलं.

त्याच सुमाराला रिचमंडहून एक पत्र आलं. वॉशिंग्टनचा क्लब अर्ध्यावर बुडाला होता आणि त्याच्या जागी व्हर्जिनियातलं रिचमंड आलं होतं, म्हणून टोलेडोला तिथे खेळायला जावं लागणार होतं. पत्रात मॅनेजरला बजावलं होतं की वॉकर खेळाचे कपडे घालून मैदानात आला तर त्याच्यावर तुटून पडायची शपथ घेतलेली 75 माणसं इथे आहेत, रक्तपात टाळणं तुमच्या हातात आहे. खाली चार सह्या, चारही नावं बनावट. टोलेडो तिथे गेली तोवर वॉकर टीममध्ये नव्हताच. या पत्रामुळे त्याला काढलं असं सर्रास लिहिलेलं दिसतं. मला ते तितकं सरळ वाटत नाही. मोडलेली बरगडी आणि क्लबची रिकामी तिजोरी ही कारणं त्याआधीचीच आहेत, आणि टोलेडोचा क्लबच त्या वर्षाअखेर लीगबाहेर गेला.

इथे तुमची मुलगी म्हणेल, मग झालंच ना? दुखापत झाली, क्लब बुडाला, करिअर संपलं. कुणाचंही संपलं असतं.

म्हणून आता त्या टीममधला दुसरा कॅचर बघा. याच्याकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते वॉकरच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. जेम्स मॅग्वायर, लोक त्याला डीकन म्हणायचे. वय 20. तोही 1884 च्याच उन्हाळ्यात टोलेडोत आला, तोही साधारण वॉकरइतकेच, चाळीसच्या वर सामने खेळला. टीम तीच, पिचरही तेच. बॅटिंगची सरासरी .200 च्याही खाली, म्हणजे वॉकरपेक्षा कितीतरी कमी. क्लब बुडाला तेव्हा तोही रस्त्यावर आला. पुढच्या वर्षी त्याला दुसरी मोठी टीम मिळाली. मग तिसरी. मग आणखी. तो एकूण 26 हंगामांत मेजर लीगमध्ये खेळलेला दिसतो. हा विक्रम नोलन रायन या पिचरनं 1993 साली मोडेपर्यंत टिकला. 1,700 हून अधिक सामने. त्याच्या हाताचा एक्स-रे पुढे छापून आला. बोटं अशी दिसतात की वादळानंतरच्या ज्वारीच्या शेतातली ताटं. 1912 मध्ये डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संप केला तेव्हा हा तिथे कोच होता. टीम पुरी पडेना म्हणून 48 व्या वर्षी पुन्हा मास्क चढवून बसला.

वॉकर 27 चा आणि मॅग्वायर 20 चा हा फरक आहेच, मी तो लपवत नाही. तरुण शरीर लवकर सांधतं. पण वॉकर खेळायचा थांबला होता का? मुळीच नाही. 1885 मध्ये तो क्लीव्हलँडला आणि मग वॉटरबरीला खेळला, 1886 मध्येही वॉटरबरीला. 1887 मध्ये न्यूअर्कनं त्याला घेतलं. तिथे जॉर्ज स्टोव्ही हा डावखुरा कृष्णवर्णीय पिचर होता, त्यानं त्या वर्षी 30 हून जास्त सामने जिंकले. पिचरही आपला, कॅचरही आपला. मला खात्री आहे, त्या वर्षी वॉकरनं साइन दिल्या असतील आणि त्या पाळल्या गेल्या असतील. पुढे 1888 आणि 1889 सिरॅक्यूजमध्ये, तिथे टीमनं पहिल्या वर्षी विजेतेपद मिळवलं. म्हणजे बरगडी मोडल्यावर पाच वर्षं हा माणूस त्याच हातांनी मोठ्या लीगच्या एक पायरी खाली कॅचिंग करत होता. मोठ्या लीगमधून एकाही क्लबनं बोलावलं नाही.

दार बंद झालं तो दिवस बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. 14 जुलै 1887. न्यूअर्कला शिकागोविरुद्ध प्रदर्शनी सामना होता. अ‍ॅन्सनच पुन्हा. स्टोव्ही पिचिंग करणार असं जाहीर झालं होतं. स्टोव्ही खेळला नाही, वॉकरही नाही. बाहेर सांगितलं गेलं की स्टोव्हीची तब्येत बरी नाही. त्याच दिवशी न्यूअर्क जिच्यात खेळायची त्या इंटरनॅशनल लीगच्या क्लबमालकांनी बैठकीत ठरवलं की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. मतं 6 विरुद्ध 4. ज्या चार क्लबांकडे असे खेळाडू होते त्यांनी विरोध केला, उरलेल्या सहांनी ठराव संमत केला. जुने करार चालू राहिले, म्हणून वॉकर आणखी दोन वर्षं टिकला. मेजर लीगमध्ये तर असा ठराव कधी कागदावर आलाच नाही. सगळ्यांनी न बोलता पाळला.

1889 मध्ये सिरॅक्यूजनं त्याला सोडलं. त्या लीगमध्ये पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो 1946 साली, मॉन्ट्रियलकडून. नाव जॅकी रॉबिन्सन. आणखी एका वर्षानं, 15 एप्रिल 1947 ला, तो ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला.

नंतरचं आयुष्य मी भराभर सांगतो, कारण प्रश्न खेळाचा आहे. 1891 मध्ये सिरॅक्यूजमध्ये रस्त्यावरच्या भांडणात त्याच्या चाकूनं एक माणूस मेला. खटला चालला, सगळे ज्युरी गोरे होते, आणि त्यांनी त्याला निर्दोष सोडलं. 1898 मध्ये टपालातले पैसे चोरल्याबद्दल वर्षभराची शिक्षा झाली. त्याच्या नावावर तोफगोळ्याचं आणि पुढे सिनेमाच्या रिळांसंबंधीची पेटंट आहेत. कॅडिझ गावात त्यानं नाट्यगृह चालवलं. 1908 मध्ये एक पुस्तिका लिहिली, तिचं म्हणणं असं की कृष्णवर्णीयांनी अमेरिका सोडून आफ्रिकेत परत जावं. 11 मे 1924 ला क्लीव्हलँडमध्ये वारला. स्टुबेनव्हिलमध्ये पुरला, आणि साडेसहा दशकं त्या जागेवर दगडही नव्हता. ओहायोनं आता 7 ऑक्टोबर हा त्याचा दिवस ठरवलाय. प्रकल्पात यातलं काय घ्यायचं ते मुलीनं ठरवावं. चाकू आणि चोरी गाळू नये, असं माझं मत. तो पुतळा नव्हता.

तर तिला माझं सांगणं असं. वॉकरची ओळ एकटी छापू नकोस. खाली मॅग्वायरची 1884 ची ओळ छाप, तेच साल, तोच क्लब. मग दोघांच्या 1885 पासूनच्या ओळी शेजारी शेजारी लाव. एकाच्या खाली कागद भरत जाईल, दुसऱ्याच्या खाली कोरा राहील. वर्गाला भाषण करायची गरज पडणार नाही.

आणि मुलेनची गोष्ट वर्गात पोचवायची असेल तर एक प्रयोग करा, घराच्या गच्चीवर जमतो. तिला बसवा. तुम्ही पंधरा पावलांवरून खालून बॉल टाका. पहिले दहा काही न सांगता टाका. पुढच्या दहांना तिला हातानं साइन देऊ द्या, आणि त्यातले तीन मुद्दाम उलटे टाका, कुठले ते सांगू नका. दोन्ही वेळचे सुटलेले बॉल तिलाच मोजू द्या. फक्त बॉल टेनिसचा घ्या, सॉफ्टबॉल नको. आणि ती कितीही म्हणाली, पप्पा टेनिसचाच तर आहे, तरी मास्क काढू देऊ नका.